मुळेअण्णांच्या छतातली सुमतीबाई

साप निघाला की माणूस फोनवर निदान ‘साप’ एवढं तरी म्हणतो. उदमांजर निघालं की भल्याभल्यांची वाचा बसते, आणि बसली नाही तर नको तेवढी सुटते. ‘मैडम, आधा कुत्ता है, आधा नेवला, और पूँछ तो किसी और की ही है,’ असं वर्णन एका गृहस्थांनी मला ऐकवलं होतं. एका बाईंनी बिबट्याचं पिल्लू सांगितलं, दुसरीने अस्वल. एकाने तर फोन लावून नुसतं ‘हे हे हे हे’ केलं आणि ठेवून दिला. मी आमच्या ड्रायव्हरला, रामभरोसला म्हटलं, ‘गाडी काढा भैया, बिज्जू आहे.’ आणि बिज्जूच, म्हणजे उदमांजरच होतं.

मी जबलपूरच्या वनखात्यात होते. नोकरीची शेवटची बरीच वर्षं शहरात शिरलेली जनावरं सोडवून आणणाऱ्या पथकात काढली. ह्या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा त्यांना वाघ पाहिजे होता. ‘ताई, वाघाचा एखादा थरारक प्रसंग येऊ द्या.’ आता वाघ काय स्कूटरवर बसून राइट टाउनात येतो? शहरातल्या पथकाच्या वाट्याला साप, माकडं, घोरपडी आणि हा बिज्जू. ज्यांना वाघ पाहिजे त्यांनी खुशाल पान उलटावं.

उदमांजर म्हणजे मांजरापेक्षा जरा लांबुळकं, काळपट राखी जनावर. डोळ्यांभोवती काजळ पसरल्यासारखा पट्टा, आणि शेपूट जवळजवळ अंगाएवढं. दिवसभर कुठेतरी माळ्यावर झोपतं, तिन्हीसांजेला निघतं, फळं खातं, उंदीर खातं आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. उंदीर खातं म्हटल्यावर खरं तर लोकांनी त्याला आग्रह करून ठेवून घ्यायला पाहिजे. पण हिंदीत त्याचं नाव कबरबिज्जू, आणि मराठीतही काही लोक त्याला मसण्याऊद म्हणतात. बिचारं केळं खायला येतं आणि आपण त्याला थेट मसणात नेऊन बसवतो. आख्ख्या नोकरीत मी एकाही बिज्जूला कबर उकरताना पाहिलं नाही. पण हे सांगून पटलेला माणूसही मला आजवर भेटलेला नाही.

परक्यांचं कशाला, आमचा ड्रायव्हर रामभरोस. नागाला शेपटीला धरून असा उचलायचा की जणू धुतलेला टॉवेल वाळत घालायचा आहे. आणि बिज्जू म्हटलं की गाडीतून उतरायचा नाही. म्हणायचा, ‘मैडम, साँप ज़्यादा से ज़्यादा मार डालेगा. ये तो मरने के बाद भी नहीं छोड़ता.’

घमापुरात एकदा एका फळवाल्याने कुजबुजत फोन केला. घरात बिज्जू शिरला म्हणून हा शहाणा लोखंडी कपाटावर चढून बसला होता. ‘मैडम, जल्दी आइए, वो मुझे देख रहा है.’ आम्ही खोलीभर शोधलं, पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं. बिज्जू त्याच कपाटावर, सुटकेसच्या मागे गाढ झोपलेला. फळवाला त्याच्या शेपटीला टेकून बसला होता. हे मी त्याला सांगितलं ते चुकलंच. तो वरून पडला आणि पाय बिज्जूने नाही, मी मोडला असं अजून सांगत फिरतो.

तर आमच्या कामात पकडणं सगळ्यात शेवटी येतं. आधी माणसं आवरायची. मग वर पिल्लं आहेत का ते पाहायचं. नसली तर जनावराची ये-जा कुठून आहे ते हुडकायचं, संध्याकाळी ते बाहेर पडलं की भोकाला जाळी ठोकायची, झालं. पिल्लं असतील आणि तुम्ही घाईघाईत जाळी ठोकली, तर आई बाहेर, पिल्लं आत, आणि मग ती तुमचं घर कोकलून डोक्यावर घेते. पिंजरा, पिकलेलं केळं वगैरे भानगडी अगदीच नाइलाज झाला तर. हे सगळं मला पाठ होतं. पण हे काम कधी माझ्याच गल्लीत येईल आणि तेही मुळ्यांच्या घरी, हे कुठे माहीत होतं?

मुळेअण्णा आमच्या दोन घरं पलीकडे. संरक्षण कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांची बायको सुमतीबाई म्हणजे गल्लीचा धाक. हळदीकुंकवाला उशीर झाला तर दारातच विचारायच्या, ‘काहून वं, आता आरतीला आली का?’ एकदा त्यांनी म्युनिसिपालटीच्या माणसाकडून अख्खी गल्ली पुन्हा झाडून घेतली होती, का तर त्याने पहिल्यांदा तोंड वाकडं करून झाडली. अण्णांना त्यांच्यासमोर बोलताना मी फारसं ऐकलं नाही. पण दोघं संध्याकाळी ओट्यावर शेजारी बसायचे आणि अण्णांचा चहा बशीत ओतून निववायच्या त्या.

त्या गेल्या आणि दहाव्याला नर्मदेच्या ग्वारीघाटावर कावळा शिवेना. पिंड ठेवलेला, कावळे झाडावर बसलेले, आणि आम्ही सगळे हात जोडून. मुलगा शिरीष कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. आधी म्हणाला, मी ह्यातलं काही मानत नाही. मग म्हणाला, ‘आई, अण्णांना सांभाळीन.’ कावळा हलेना. सून मेधा म्हणाली, ‘तुमच्या लोणच्याच्या बरण्या कोणाला देणार नाही.’ एका कावळ्याने मान वाकडी करून ऐकून घेतलं, पण जागचा उठला नाही. मीसुद्धा सांगून टाकलं की तुमचं मोठं पातेलं माझ्याकडे राहिलंय, ते उद्याच्या उद्या आणून देते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

एकटे अण्णा काही बोलले नव्हते. घरी आल्यावर म्हणाले, ‘मी काय सांगणार? पन्नास वर्षं तिचं सगळं ऐकलं, आता सांगायला उरलं काय? माझ्यावरच रागावून गेली ती.’ आणि तेव्हापासून त्यांचं जेवण सुटलं. दोन घास खायचे आणि ताटाकडे बघत बसायचे. वर्षश्राद्ध झालं तरी तेच. माणूस अर्धा झाला. डॉक्टर झाले, टॉनिक झालं. मेधा वाट्टेल ते करून पुढे ठेवायची, हे ‘छान आहे’ म्हणायचे आणि हात धुवायचे.

मग आला पितृपक्ष. सुमतीबाई सवाष्ण गेलेल्या, म्हणून अविधवा नवमीला त्यांचं पान. मेधाने खीर, वडे, कारल्याची भाजी, केळं असं पान गच्चीवर कावळ्यासाठी ठेवलं. दिवसभर कावळा फिरकला नाही. दिवेलागणीनंतर पाहतात तर खीर चाटूनपुसून साफ, केळं गेलेलं, वडे गेलेले, आणि कारल्याची भाजी तेवढी बाजूला सारलेली.

सुमतीबाई कारलं खात नसत.

आणि त्याच रात्री अण्णांच्या मागच्या खोलीत भाताचा वास यायला लागला. चिन्नोर तांदळाचं पातेलं नुकतं उतरवावं तसा. गॅस बंद, कुकर फडताळात, आणि वास दरवळतो आहे. सुमतीबाईंना चिन्नोरशिवाय दुसरा तांदूळ चालत नसे. मग काय! अण्णांनी आपलं पान त्या खोलीत मागवलं, छताकडे तोंड करून बसले आणि दोन पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी तीन. मेधा रोज गच्चीवर खीर-केळं ठेवायला लागली. भौतिकशास्त्रवाला शिरीष म्हणाला, ‘मी मानत नाही, पण खिरीत बदाम घाल.’

हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी कळली ती शेजारच्या तिवारीजींची तक्रार. पथकाच्या नंबरावर फोन: ‘मुळे जी के घर में कबरबिज्जू पल रहा है, खीर खिला रहे हैं!’ मी रामभरोसला घेऊन गेले. मेधाने दार अर्धंच उघडलं.

‘ताई, तुम्ही? वर्दीत काहून आल्या?’

‘छतात काही आहे का गं?’

‘छतात आई आहेत,’ ती म्हणाली, आणि माझं तोंड पाहून लगेच पुढे म्हणाली, ‘म्हणजे, असं अण्णा म्हणतात.’

मागच्या खोलीत अण्णा आरामखुर्चीत होते. गालावर मांस आलेलं. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ‘कुंदा, हळू बोल. झोपून राहिली आहे ती.’

वास मला दारातच आला होता. ह्या जनावराच्या अंगात एक ग्रंथी असते. कुठे खूण करून ठेवायची तर तिथे घासतं आणि अगदी सुवासिक भातासारखा वास सुटतो. मी ते अण्णांना सरळ सांगितलं. म्हटलं, अण्णा, हे उदमांजर आहे.

‘ते तुझ्या खात्यात असेल,’ अण्णा म्हणाले. ‘माझ्या घरात नाही.’

शिडी लावली, पीओपीच्या छताची एक फळी सरकवली आणि टॉर्च मारला. कोपऱ्यात जुन्या चादरीवर आमची बाई लोळत पडलेली. इतकं धष्टपुष्ट उदमांजर मी जन्मात पाहिलं नव्हतं, खिरीने टम्म फुगलेलं. आणि तिच्या पोटाशी तीन पिल्लं.

मी खाली उतरले. म्हटलं, ‘अण्णा, वर पिल्लं आहेत. तीन.’

अण्णा खुर्चीतून ताडकन उठले. ‘काय म्हणतेस! ह्या वयात?’

मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. माणूस खरंच हादरला होता. शिरीषने ताबडतोब गुरुजींना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. गुरुजी म्हणाले, योनी बदलली की वयाचा प्रश्न येत नाही, आत्म्याला वय नसतं.

‘आत्म्याला नसेल, सुमतीला होतं,’ अण्णा फोनवर ओरडले. ‘गुडघे धरले होते तिचे! जिना चढवत नव्हता, ही छतात कशी चढली?’

गुरुजी म्हणाले, नवीन देहाला नवीन गुडघे. अण्णा हळूहळू खाली बसले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘मग बाळंतिणीला खीर कमीच पडत असेल. मेधा, डिंकाचे लाडू कर.’ आणि दारात उभा असलेला आमचा रामभरोस, जो बिज्जूच्या नावाने गाडीतून उतरत नव्हता, तो चपला काढून छताला हात जोडून म्हणाला, ‘माताजी, हमारा कोई कसूर नहीं, हम तो ड्यूटी पे हैं.’

इथवर सगळी मजाच होती. पण बाहेर आले तर तिवारीजी फाटकाशी उभे. म्हणाले, मैडम, आपसे नहीं होता तो हम देख लेंगे, केले में दवाई डाल के रख देंगे. मी त्यांना कायदा ऐकवला. जनावर मेलं तर जामीनसुद्धा मिळणार नाही म्हणून चांगलं दरडावलं. ते गप्प बसले. पण असा गप्प बसलेला माणूस मी ओळखते. आमची गाडी वळली की हा केळी आणायला जाणार. आणि मुळ्यांची बाई रोज संध्याकाळी त्यांच्याच भिंतीवरून जायची.

म्हणजे तिला हलवायला पाहिजे होतं, आणि लवकर. मी स्वयंपाकघरात मेधाला हे सांगितलं तर तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. ‘ताई, मला काय कळत नाही का ते मांजर आहे म्हणून? पण ते जेवून राहिले आहेत हो. वर्षभरात पहिल्यांदा. ती गेली तर पुन्हा ताटावरून उठतील, आणि ह्या खेपेला ते वाचणार नाहीत.’ जनावर वाचवायचं तर म्हातारा जातो, म्हाताऱ्याला सांभाळायचं तर जनावराला विष. आमच्या प्रशिक्षणात हे कुठेच नव्हतं. मला त्या तिवारीचा इतका राग आला की त्याचंच नरडं पिंजऱ्यात घालावंसं वाटलं.

शेवटी मी अण्णांसमोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, अण्णा, ती कोणीही असो, पिल्लंवाली आहे. शेजारी विष घालायला टपला आहे. ती आपणहून जायला पाहिजे. धरपकड केली तर बिथरेल, पिल्लं टाकेल. तुम्ही म्हणाल तर करते, नाहीतर परत जाते.

अण्णांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘आपणहून जायला काय करावं लागतं?’

‘तिला न आवडणारं काहीतरी. मोठा आवाज. आम्ही रेडिओ लावतो. आवाज असह्य झाला की ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते.’

‘रेडिओने काही होणार नाही,’ अण्णा म्हणाले. ‘तिला न आवडणारं काय ते मला ठाऊक आहे.’ आणि एकदम लाजले. ‘मी गातो.’

आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. शिरीषलाही नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात अण्णांनी बायकोसमोर हौसेने गाणं म्हटलं होतं. सुमतीबाई अर्ध्यातून उठल्या, ट्रंक भरली आणि नागपूरला माहेरी निघून गेल्या. पुन्हा गाणार नाही म्हणून शपथ घेतली तेव्हा परत आल्या. त्यानंतर अण्णा बाथरूममध्येसुद्धा गायले नाहीत.

मी गच्चीकडचं भोक मोकळं असल्याचं पाहून घेतलं, तिवारीजींना अंगणात माझ्या डोळ्यांसमोर खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, करा सुरू. अण्णांनी खाकरून घसा साफ केला आणि कानावर हात ठेवून आलाप घेतला.

काय सांगू! मी बिबट्याची डरकाळी ऐकली आहे, विहिरीत पडलेलं रानडुक्कर ऐकलं आहे. पण हे काही वेगळंच होतं. वरचा सूर लावायला जायचे आणि मध्येच आवाज फाटून तीन दिशांना पळायचा. आणि माणूस रंगलेला, पन्नास वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर येऊन राहिलं होतं. एक गाणं झालं की दुसरं. रामभरोस गाडीत जाऊन काचा लावून बसला. तिवारीजी म्हणाले, मैडम, हमको घर जाने दीजिए, हम कुछ नहीं डालेंगे, माँ कसम. मी म्हटलं, बसा.

उन्हं कलली आणि छतात खुडबुड झाली. मग गच्चीच्या कठड्यावर ती दिसली, तोंडात मानेला धरलेलं पिल्लू. भिंतीवरून तिवारीजींच्या डोक्यावरून गेली आणि मागच्या बंद बंगल्यातल्या चिंचेच्या ढोलीत शिरली. तिवारीजी खुर्चीसकट मागे सरकले. ती परत आली, दुसरं नेलं. शिरीषने अण्णांना हाताला धरून अंगणात आणलं. ते चालताना गातच होते. तिसरं पिल्लू तोंडात घेऊन ती कठड्यावर आली, क्षणभर थांबली आणि आमच्याकडे बघितलं. अण्णांनी त्याच वेळी नेमकी तान मारली. ती सुसाट पळाली.

अण्णा थांबले. अंगणात इतकी शांतता झाली की कान दुखले. मेधाने माझा दंड घट्ट धरला होता.

‘पाहिलंस कुंदा?’ अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा फुललेला, जसा काही मुलाचा रिझल्ट लागला. ‘आता बोल तुझं खातं. माझ्या गाण्यावर ट्रंक उचलून जाणारी जगात एकच बाई होती. आणि रागावलेली नव्हती ती. रागावली असती तर मला एक शब्द बोलल्याशिवाय गेली असती का?’

जगातलं कुठलंही उदमांजर त्या गाण्यावर पळालं असतं, माणसंही पळाली होती. पण खात्याचं म्हणणं प्रत्येक ठिकाणी मांडलंच पाहिजे असा काही नियम नाही.

भोकाला जाळी ठोकून झाली तेव्हा दिवेलागण झाली होती. मागच्या खोलीतला वास विरत चालला होता. मेधाने पान वाढलं. वरण, भात, पोळी, दोडक्याची भाजी. अण्णा हात धुऊन पाटावर बसले. शिरीष उगाच पाण्याचा तांब्या इकडून तिकडे करत होता. मी जायला पाहिजे होतं, पण पाय निघेना. ते ताटाकडे बघत बसले. आम्ही तिघंही त्यांच्याकडे. मग त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, घास तोंडात घातला. चावला. आणि थांबले.

‘मेधा,’ अण्णांनी कपाळाला आठी घातली, ‘भाजीत मीठ काहून नाही?’

मेधा ओढणी तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मला वाटलं, दुखावली पोर. मागे गेले तर ओट्याला टेकून हसूनही राहिली होती आणि रडूनही राहिली होती. ‘ताई, नाव ठेवलं हो त्यांनी माझ्या स्वयंपाकाला! वर्षभर नुसतं छान आहे, छान आहे.’

मी कढईतली भाजी बोटाने चाखून पाहिली. मीठ अगदी बरोबर होतं. बाहेरून अण्णांचा आवाज आला, ‘आणता की मीच येऊ?’ आणि आम्ही दोघी मिठाची वाटी घेऊन धावत सुटलो.